दुसऱ्याच्या बागेतली कीड

1890 च्या सप्टेंबरात उत्तर स्पेनमधल्या आरो या गावात रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. गाव जेमतेम काही हजार वस्तीचं. स्पेनमधल्या भल्याभल्या शहरांत तेव्हा तेलाचे आणि गॅसचे दिवे मिणमिणत होते. रात्री घाट उतरून येणाऱ्या गाडीवानांच्या तोंडी एक वाक्य बसून गेलं: दिवे दिसायला लागले, म्हणजे आरो आलं. आसपासच्या गावांनी हेवा करावा एवढा पैसा तेव्हा या गावात खुळखुळत होता, आणि तो आला होता लाल वाइनमधून. वाइन मात्र तिथे त्याआधी हजारएक वर्षं होतच होती. मग पैसा नेमका तेव्हाच का आला? कारण डोंगरापलीकडे, फ्रान्समध्ये, द्राक्षाच्या मुळांना कीड लागली होती.

या मुलखाचं नाव रिओहा. एब्रो नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेला हा चिंचोळा पट्टा. उत्तरेला कांताब्रियाचा डोंगर अटलांटिकवरून येणारे थंड, ओले वारे अडवतो, म्हणून पलीकडे धुकं आणि पाऊस असला तरी अलीकडे द्राक्ष पिकायला पुरेसं ऊन मिळतं. तेम्प्रानियो ही इथली मुख्य जात. तिच्या जोडीला गार्नाचा, मासुएलो आणि ग्रासिआनो. सांतिआगोच्या यात्रेची वाट याच मुलखातून जाते, त्यामुळे यात्रेकरूंना पाजायला मठांनी आणि सरायांनी वाइन केली. सान मियानच्या मठाशी नातं असलेला तेराव्या शतकातला कवी बेर्सेओ याच्या लिखाणातही चांगल्या वाइनच्या पेल्याचा उल्लेख येतो. रिओहाच्या आजच्या जाहिराती एवढ्याच धाग्यावर 'शतकानुशतकांची परंपरा' विणतात. द्राक्षाची परंपरा तेवढी जुनी आहे, हे खरं. पण आज बाटलीतून जी रिओहा म्हणून येते, तिचं वय दीडशे-पावणेदोनशे वर्षांपलीकडे जात नाही.

जुनी वाइन कशी होती? शेतकऱ्याच्या घराखाली किंवा शेजारी दगडी हौद असे. त्यात देठासकट घड ओतायचे, ते आपसूक फसफसू लागले की उघड्या पायांनी तुडवायचे आणि रस मोठ्या लाकडी कोठ्यांत काढायचा. बाजारात न्यायची ती बकऱ्याच्या कातड्याच्या पखालींतून, खेचरांच्या पाठीवर. ही वाइन हिवाळ्यात झकास लागे. उन्हाळा तापला की ती आंबायला लागे, आणि पुढचा हंगाम तोंडावर आला की कोठी मोकळी करायची म्हणून उरलेली फेकून द्यावी लागे. थोडक्यात, पिकवायची, वर्षाच्या आत विकायची आणि हात मोकळे करायचे. ज्याचं पोट हंगामावर आहे त्याला दुसरं परवडतही नाही, आणि या साऱ्या गोष्टीची ग्यानबाची मेख इथेच आहे.

ही वाइन टिकवता येईल, हे पहिल्यांदा करून दाखवलं ते एका धर्मगुरूने. लाबास्तिदा गावचा मानुएल किंतानो 1780 च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्दोला गेला. तिथल्या वाइनवाल्यांची सगळी रीत त्याने पाहून घेतली: देठ काढून टाकायचे, रस ओकच्या लहान पिंपांत भरायचा, खाली गाळ बसला की वरची नितळ वाइन दुसऱ्या पिंपात काढायची, आणि असं करत ती वर्ष-दोन वर्षं मुरू द्यायची. घरी येऊन त्याने तीच रीत लावली. 1795 साली त्याची वाइन जहाजाने क्यूबाला गेली आणि उष्ण कटिबंधातला तो प्रवास सोसूनही चांगली राहिली. यापुढे खरं तर मुलखाचं भाग्य फळफळायला हवं होतं. झालं उलटंच. स्थानिक अधिकाऱ्यांनी ठरवलं की गावच्या सगळ्या वाइनला एकच दर. पिंपाचा खर्च, दोन वर्षं अडकलेला पैसा, मधली घट हे सगळं किंतानोने सोसायचं, आणि विकायची शेजाऱ्याच्या दोन महिन्यांच्या वाइनच्या भावाने. त्यात पुढे नेपोलियनच्या फौजांनी स्पेन तुडवला. किंतानोचा प्रयोग तिथेच संपला.

मला या गोष्टीत शेजाऱ्यांचा निव्वळ मत्सर दिसत नाही. एकाच्या वाइनला दुप्पट भाव मिळाला की इतरांची वाइन हलकी ठरते, हे त्यांना कळत होतं. आणि थांबायला लागणारं भांडवल त्यांच्यापैकी एकाकडेही नव्हतं.

पुढचे दोघे आले ते भांडवल असलेले. लुसिआनो मुर्रिएता याचा जन्म 1822 चा, पेरूमधल्या आरेकिपाचा. तो जनरल एस्पार्तेरो याचा सहायक होता. हा एस्पार्तेरो म्हणजे त्या काळातलं बडं प्रस्थ, काही वर्षं स्पेनचा राजप्रतिनिधी; पुढे 1870 साली राजा व्हायचा प्रस्ताव आला तेव्हा त्याने तो नाकारला. 1843 साली सत्ता गेली आणि जनरलसाहेबांबरोबर मुर्रिएताही लंडनला परागंदा झाला. तिथल्या मेजवान्यांत फ्रेंच वाइनचा थाट पाहून त्याच्या मनात हा धंदा भरला. परतल्यावर तो बोर्दोत शिकून आला आणि लोग्रोन्योमधल्या एस्पार्तेरोच्या तळघरात 1852 साली त्याने आपली पहिली वाइन केली. तिचीही पिंपं क्यूबा आणि मेक्सिकोकडे रवाना झाली. मेक्सिकोची खेप समुद्रात बुडाली, असं सांगतात. 1872 साली राजाने त्याला मार्केस हा सरदारकीचा किताब दिला. आज त्याच्या नावाची बाटली 'मार्केस दे मुर्रिएता' म्हणून ओळखली जाते.

दुसरा मार्केस दे रिस्काल. हा मुत्सद्दी, 1836 पासून बोर्दोत राहिलेला, एल्सिएगो गावात बाप-आजाची जमीन असलेला. आलावा प्रांताच्या सरकारने त्यालाच गळ घातली की आमच्या शेतकऱ्यांना शिकवायला एक जाणता फ्रेंच माणूस पाठवा. त्याने मेदोक भागातल्या एका नामांकित वाड्याच्या तळघराचा प्रमुख झां पिनो याला गाठलं. 1862 साली पिनो आलावात आला. सरकारी पगार, हाताशी तयार विद्या, शिकायला गावोगावचे शेतकरी. वाइन झाली, नावाजलीही गेली. आणि तरी काही वर्षांत शेतकऱ्यांनी अंग काढून घेतलं. कारण तेच जुनं. पिंपं महाग, आणि पैसा हातात यायला दोन-तीन वर्षं. तोवर घरात खायचं काय? 1868 साली पिनोचा करार संपला तेव्हा रिस्कालने त्याला स्वतःच्या पदरी ठेवून घेतलं. 1895 साली बोर्दोच्याच प्रदर्शनात रिस्कालच्या वाइनला सन्मानपत्र मिळालं. फ्रान्सबाहेरच्या वाइनला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. पुढे नाव एवढं झालं की लोक रिकाम्या बाटल्या विकत घेऊन त्यांत भुक्कड वाइन भरून विकू लागले. त्यावर तोड म्हणून बाटलीला बारीक सोनेरी तारेची जाळी घातली गेली, म्हणजे जाळी तोडल्याशिवाय बूच निघणारच नाही. ती जाळी आजही आहे, नुसती शोभेपुरती.

पण दोन मार्केसांनी मुलूख बदलत नाही. मुलूख बदलला तो किडीने.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षवाल्यांना भुरी आणि डावणी ही नावं झोपेतही आठवतात. हे दोन्ही रोग युरोपला अमेरिकेने दिले. भुरी 1850 च्या सुमारास फ्रान्सभर पसरली आणि तेव्हाच फ्रेंच खरेदीदार पहिल्यांदा पिरेनीज पर्वत ओलांडून रिओहात चकरा मारून गेले. गंधक धुरळायचा उपाय सापडला आणि ते परत गेले. त्यानंतर आली फायलोक्सेरा. माव्याच्या भावकीतली, जेमतेम मिलिमीटरभर लांबीची, पिवळसर कीड. हिचंही माहेर अमेरिकाच. पूर्वी शिडाच्या जहाजांच्या लांबलचक प्रवासात रोपांबरोबर ती वाटेतच मरत असे. आगबोटी आल्या, प्रवास आठ-दहा दिवसांवर आला आणि हौशी बागवानांनी मागवलेल्या अमेरिकन वेलींबरोबर ती जिवंत उतरली. 1863 च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये रोन नदीच्या खोऱ्यात वेली सुकू लागल्या. आधी एखाद-दुसरी, मग तिच्याभोवती तेलाचा डाग पसरावा तशी सगळी बाग.

रोग कळेना, कारण किडीची चाल धूर्त होती. 1868 च्या जुलैत मोंपेल्येहून तिघांची एक समिती सां-रेमीजवळच्या एका मळ्यावर गेली. मेलेली वेल उपटली, मुळं तपासली, काहीच नाही. दुसरी उपटली, तीही कोरडी. मग हिरव्यागार दिसणाऱ्या वेलीवर एक घाव पडला. भिंगाखाली मूळ धरलं तर त्यावर शेकडो कीटक रस शोषत चिकटलेले. वेल मरायला टेकली की कीड बाड-बिस्तरा गुंडाळून शेजारच्या सशक्त वेलीवर जात होती, आणि माणसं मात्र मढी उकरत बसली होती. समितीतले वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों यांनी किडीची ओळख पटवली, तरी बड्या विद्वानांनी बरीच वर्षं वाद घातला की कीड हे रोगाचं कारण नव्हे, परिणाम आहे.

1874 साली फ्रेंच सरकारने उपाय सांगणाऱ्याला तीन लाख फ्रँकचं बक्षीस लावलं. त्यासाठी आलेल्या सूचनांत वेलीखाली जिवंत बेडूक पुरण्यापासून काय वाटेल ते होतं. बक्षीस कुणालाच दिलं गेलं नाही. 1875 साली फ्रान्सची वाइन साडेआठ कोटी हेक्टोलिटरच्या घरात होती. 1889 पर्यंत ती अडीच कोटींच्याही खाली आली. बोर्दोच्या व्यापाऱ्याकडे गिऱ्हाईक होतं, जहाजं होती, लेबलं होती. बाटलीत भरायला वाइन नव्हती.

त्याने दक्षिणेकडे पाहिलं. तिथे किंतानोपासून पिनोपर्यंत सगळ्यांनी ज्या रीतीचं बी पेरून ठेवलं होतं ती बोर्दोचीच रीत होती. शिवाय 1863 सालीच तुदेला ते बिल्बाओ ही रेल्वे सुरू झाली होती आणि ती आरोवरून जात होती. 1882 च्या व्यापारी कराराने फ्रान्समध्ये स्पॅनिश वाइनवरची जकातही कमी झाली. सगळ्या गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या. गावाखाली, नदीकाठच्या स्टेशनाभोवती एकेक करून कोठारं उठू लागली. पिंप तळघरातून निघून थेट मालगाडीच्या डब्यात चढवता यावं, एवढ्या अंतरावर. 1877 साली लोपेस दे एरेदिआ आलं. त्याचा संस्थापक चिलीत जन्मलेला, फ्रान्समध्ये धंदा शिकलेला. 1879 साली 'कुने' ही कंपनी निघाली. 1886 साली गोमेस क्रुसादो. 1890 साली पाच घराण्यांनी मिळून ला रिओहा आल्ता काढलं आणि त्याच्या अध्यक्षपदी बसल्या सातुर्निना गार्सिया सिद या बाई. त्या काळात, त्या धंद्यात, हे विशेषच. फ्रेंच आडत्यांची कोठारं तर होतीच. त्यांच्यातले कित्येक जण रिओहाची वाइन पिंपांनी नेऊन आपल्या वाइनमध्ये मिसळत आणि वर बोर्दोचं नाव चिकटवत. लंडनमध्ये त्या वर्षांत 'क्लॅरेट', म्हणजे बोर्दोची लाल वाइन, म्हणून प्यायल्या गेलेल्या वाइनमधली किती एब्रोच्या काठची होती, याचा हिशेब कुणी ठेवला नाही, ठेवणार तरी कशाला.

ही घराणी आली आणि त्यांच्याबरोबर पिंपकऱ्यांचा धंदाही आला. ओकच्या फळ्या उघड्यावर उन्हापावसात वाळवायच्या, तासून कडा जुळवायच्या, आत लहानशी शेकोटी पेटवून बाहेरून पाणी मारत फळ्या वाकवायच्या आणि लोखंडी कड्या ठोकून आवळायच्या. ना खिळा ना डिंक. 225 लिटरचं बोर्दोचं माप रिओहाने उचललं, लाकूड मात्र अमेरिकन ओकचं घेतलं; बिल्बाओ बंदरात ते सहज आणि स्वस्त मिळे. जुन्या रिओहाला जो व्हॅनिला-नारळाच्या जवळपासचा वास येतो, तो या लाकडाचा. वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढताना कामगार पेल्यात थोडी धार घेऊन ती मेणबत्तीच्या उजेडापुढे धरतो. धार गढूळ दिसली रे दिसली की तोटी बंद. बल्ब आले, पंप आले, तरी एक-दोन घराण्यांत हे काम अजून मेणबत्तीवरच चालतं.

हा सुकाळ फार टिकला नाही. फ्रान्सला उपाय सापडला होता. अमेरिकन वेल किडीचा चावा सोसते, कारण तिच्या मुळावर जखमेभोवती बुचासारखा थर धरतो आणि सड आत शिरत नाही. तेव्हा खालचा खुंट अमेरिकन आणि वरची काडी युरोपची, असं कलम बांधायचं. टेक्सासच्या मन्सन या बागवानाने खुंटांच्या बाबतीत एवढी मदत केली की 1888 साली फ्रान्सने त्याचा सन्मान केला. त्याच टेक्सासातून आलेल्या डॉगरीज खुंटावर आज महाराष्ट्रातली बहुतेक द्राक्षबाग उभी आहे. आपल्याकडे कारण कीड नव्हे, क्षारपड जमीन आणि पाण्याचा तुटवडा. फ्रान्समध्ये कलमी बागा धरू लागल्या तशी परकी वाइन तिथल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांत खुपू लागली. 1892 साली करार संपला आणि फ्रान्सने जकात चढवली. पिंपांनी घाऊक माल विकणाऱ्यांचा बाजार महिन्यांत बसला. 1898 साली स्पेनच्या हातून क्यूबा गेलं आणि मुर्रिएताच्या वेळेपासूनचं तेही गिऱ्हाईक दुरावलं.

आणि 1899 साली आरोपासून हाकेच्या अंतरावर, साहासार्रा गावात, कीड सापडली.

ती येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. 1878 सालीच ती दक्षिणेत मालागाला उतरली होती, सरकारने त्याच वर्षी कायदाही केला होता. 1892 साली आरोमध्ये वाइनशास्त्राचं सरकारी केंद्र निघालं होतं. वीस वर्षांची आगाऊ सूचना मिळूनही बहुतेक शेतकऱ्यांनी वेली बदलल्या नाहीत, आणि त्यांना वेडं ठरवणं सोपं आहे. पण विचार करा: फळाला आलेली निरोगी बाग स्वतःच्या हाताने उपटायची, तीन-चार वर्षं एकही घड मिळणार नाही, कलमांचे पैसे रोख मोजायचे. शेवटी वेली किडीनेच उपटायला लावल्या. दहा वर्षांत अर्ध्याहून जास्त क्षेत्र गेलं. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी अमेरिकन खुंट आणून बागा पुन्हा उभ्या केल्या. उपाय तयार असल्यामुळे फ्रान्सइतकी वर्षं चाचपडण्यात गेली नाहीत, एवढंच. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी जमिनी विकल्या, धान्य पेरलं, किंवा बिल्बाओच्या कारखान्यांची आणि आर्जेंटिना-चिलीच्या बोटींची वाट धरली. नव्या लागवडीत भरपूर माल देणाऱ्या जाती पुढे आल्या, आणि ग्रासिआनोसारखी कमी पिकणारी, जपावी लागणारी जात बरीच मागे पडली.

तगली ती स्टेशनाजवळची घराणी. घाऊक विक्रीवर न विसंबता ज्यांनी वाइन मुरवून, बाटलीत भरून, स्वतःच्या नावाने विकायची सवय लावली होती, त्यांच्या तळघरात कीड यायच्या आधीची वाइन पडून होती. बागा ओस असताना तीच विकत त्यांनी दिवस काढले. भोवतालची जमीन पडत्या भावात मिळत होती, तीही त्यांनी घेतली. लोपेस दे एरेदिआचा प्रसिद्ध तोंदोनिया मळा 1913-14 च्या सुमारास लावला गेला, तो याच पडझडीनंतर. रिओहाच्या कहाणीत या घराण्यांना नायक करायची पद्धत आहे. त्यांची चिकाटी मी नाकारत नाही. पण त्यांना थांबणं परवडलं, हे त्यांच्या यशाचं पहिलं कारण. चव, शिस्त, परंपरा ही पुढची.

नाव मोठं झालं तशी नकलाही वाढल्या. 1925 साली 'रिओहा' या नावाला अधिकृत संरक्षण मिळालं आणि त्यावर देखरेख करायला नियामक मंडळ आलं. 1991 साली स्पेनमधला सगळ्यात वरचा दर्जा मिळवणारा हा पहिला प्रदेश ठरला. या मंडळाच्या नियमांत लाल वाइनचा दर्जा बराच काळ एकाच गोष्टीवर मोजला गेला, ती म्हणजे किती काळ मुरली. 'क्रिआन्सा' म्हणजे किमान दोन वर्षं, त्यातलं एक पिंपात. 'रेसेर्वा' तीन वर्षं. 'ग्रान रेसेर्वा' पाच, त्यातली दोन पिंपात आणि दोन बाटलीत. द्राक्ष कुठल्या उतारावरचं, कुठल्या गावचं, कुणाच्या मळ्यातलं, याला या मापात जागा नव्हती. रिओहातली बहुतेक जमीन आजही लहान शेतकऱ्यांच्याच मालकीची आहे. ते द्राक्ष घराण्यांना विकतात आणि बाटलीवर नाव घराण्याचं लागतं.

अलीकडे या मापाविरुद्ध आवाज उठू लागला. 2015 साली आलावातल्या आर्तादी या नावाजलेल्या वाइनवाल्याने रिओहाचं नावच सोडून दिलं. त्यानंतर 2017 साली मंडळाने नियम बदलले आणि एकेका मळ्याचं नाव लेबलवर लावायची मुभा दिली. त्यासाठीच्या अटींपैकी एक ही की त्या मळ्यातल्या वेली किमान 35 वर्षांच्या असाव्यात.